देवजी वरठा यास कायम करण्याबाबत

चुरीकाकांनी विलायतेतल्या एका गेम कंपनीला पहिला अर्ज लिहिला, तेव्हा कागदाच्या डाव्या बाजूला दीड इंच समास सोडला होता. का? तर तिकडे कोणी फाईलला लावायला भोक पाडलं तर ते अक्षरांवर पडू नये म्हणून. अर्ज इंटरनेटवर टाकायचा होता, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "टाकायचा कुठेही असो, लावायचा फाईललाच असतो."

माझं डहाणू स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पॅनकार्ड, परीक्षेचे फॉर्म, आधारला फोन नंबर जोडणे, सगळं. दिवसभर लोकांचे अंगठे उमटत नाहीत आणि सर्व्हर चालत नाही, त्यामुळे माझा स्वभाव काही गोड राहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यात रोज सकाळी अकराच्या ठोक्याला हा माणूस हजर. मोरेश्वर चुरी, एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. खातं कुठलं ते सांगणार नाही, मला तिथे अजून कामं असतात. खिशाला दोन पेनं. एक निळं, एक हिरवं. हिरवी शाई साहेबलोकांची, नोकरीत असताना काकांना ती वापरता यायची नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हिरवं पेन विकत घेतलं आणि पहिली सही दूधवाल्याच्या कार्डावर केली.

त्यांचं एकच पालुपद. "तोंडी नको, लेखी द्या." बाजारात मावशीने 'बोंबील ताजे आहेत हां' म्हटलं की हे विचारणार, "लेखी देशील?" मावशी काय देते ते मी ऐकलेलं आहे, पण इथे लिहिता येणार नाही.

काकू गेल्या त्या वर्षी त्यांच्या मुलीने वापीहून लॅपटॉप पाठवला. बाबांचा वेळ जाईल म्हणून त्यात एक क्रिकेटचा गेमही घालून दिला. या गेमची गंमत अशी की त्यात क्रिकेट खेळायचंच नाही. बॅट नाही, बॉल नाही, धावणं नाही. तुम्ही संघाचे व्यवस्थापक. कोणाला घ्यायचं, कोणाला बसवायचं, कोणाचा करार वाढवायचा, कोणाची रजा मंजूर करायची एवढंच. सामना आपोआप होतो आणि तुमच्यापुढे अहवाल येतो. मी पाहिलं आणि म्हटलं, "काका, ही तर तुमची कचेरीच आहे!" काकांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की विचारू नका. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना टेबल दिलं होतं.

कंपनीने गेमबरोबर 'एडिटर' नावाचं एक साधन दिलंय. आपले संघ, आपली मैदानं, आपले खेळाडू त्यात आपणच भरायचे. जगभरातले लोक आपापल्या देशांचे संघ भरतात. काकांनी डहाणू आणि तळासरी तालुके भरले. कैनाड, सायवन, झाई, तळासरी असे आठ संघ, आणि प्रत्येक गावात कधी ना कधी टेनिस बॉलने खेळलेली खरी माणसं. बॅटिंग कशी, फिल्डिंग कशी, स्वभाव कसा, सगळे रकाने स्वतः भरले. 'स्वभाव' या रकान्यात तळासरीच्या कॅप्टनपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'सहकार्य करतो, पण उशिरा.'

अडचणी लगेच सुरू झाल्या. गेम बनवणारे इंग्रज, त्यामुळे हंगाम त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे आमच्या भातलावणीत. जुलैमध्ये कैनाडचा संघ मैदानात उतरणार कसा? काकांनी कैनाडच्या अकराही जणांना कौटुंबिक कारणास्तव रजा देऊन टाकली. झाईची तऱ्हा उलटी. नारळी पौर्णिमा झाली की होड्या सुटतात आणि संघातले सहा जण समुद्रात. एडिटरात 'मासेमारीला गेला' असा रकाना नाही, 'दुखापत' असा आहे. मग काय, नारळी पौर्णिमा झाली रे झाली की झाईच्या सहा जणांची मांडी एकदमच धरायला लागली. तीन हंगाम असं झाल्यावर गेमने आपणहून झाईच्या फिजिओला नोकरीवरून काढलं. काकांना बिचाऱ्याचं फार वाईट वाटलं. चौकशी न करता काढलं, म्हणत होते.

हे सगळं चालवून घेतलं. पण सायवनच्या संघात देवजी वरठा नावाचा एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, आणि त्याच्यापाशी गाडी अडली. दर हंगामाच्या शेवटी पडद्यावर पाटी यायची, की या खेळाडूचा करार संपला, त्याला मुक्त करण्यात आलं आहे. काका त्याला पुन्हा घ्यायचे. पुढच्या हंगामात तो ढिगाने विकेट काढायचा. हंगाम संपला की पुन्हा बाहेर. करार कायम करायचं बटण होतं, पण देवजीच्या नावापुढे ते राखाडी. दाबलं तर हूं नाही की चूं नाही. बाकी सगळ्या संघांतल्या सगळ्या खेळाडूंपुढे तेच बटण आधीपासूनच हिरवंगार. काका बेचैन झाले. चहा गार व्हायला लागला, पेपर न वाचता घडी करून ठेवायला लागले.

तर तो दीड इंच समासाचा अर्ज याच्यासाठी. 'विषय : देवजी वरठा, सायवन, यास कायम करण्याबाबत.' खाली 'महोदय'. मी त्याचं इंग्रजी केलं आणि कंपनीच्या फोरमवर टाकलं. तिथे ऑली नावाचा एक जण उत्तरं द्यायला बसतो. काका त्याला ऑलीसाहेब म्हणतात.

ऑलीसाहेबांचं उत्तर आलं, 'कळवल्याबद्दल आभार.'

"अर्ज आवक झाला," काका म्हणाले.

आठवड्याने आलं, 'आम्हाला या प्रश्नाची कल्पना आहे.'

"साहेबांच्या कानावर घातलंय."

महिन्याने आलं, 'आमची टीम यावर काम करते आहे.'

काकांनी मान हलवली. "फाईल कपाटावर ठेवली."

"कपाटात का नाही?"

"कपाटात ठेवली तर शोधून काढता येते."

खरं सांगते, मला मनातून उकळ्या फुटत होत्या. या दुकानाच्या परवानगीसाठी मी याच काकांच्या टेबलापुढे अकरा हेलपाटे घातले होते. साहेब मीटिंगला गेलेत. साहेब आले, पण मूड नाही. तुमच्या अर्जावर तारीख आहे पण वार नाही. आता हा माणूस माझ्याच दुकानात, माझ्याच प्लास्टिकच्या स्टुलावर बसून ऑलीच्या नावाने बोटं मोडत होता. मी एकदा बोलूनही दाखवलं, "काका, तुम्ही आम्हाला हेच करायचात की!" त्यांना राग आला. म्हणाले, "आमच्याकडे निदान टेबल होतं. माणूस येऊन पुढ्यात उभा राहू शकत होता." त्यात काय मोठेपणा होता ते देव जाणे, पण त्यांना तो वाटत होता.

पहिलं स्मरणपत्र गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यावर ऑलीने लिहिलं, की आमच्या इथे हा बग दिसत नाही, कृपया तो कसा होतो ते सविस्तर दाखवा.

काका ताडकन उठले. "स्थळपाहणी न करता म्हणतात दिसत नाही! पंचनामा करू."

मला वाटलं बोलायची पद्धत. छे! दुसऱ्या दिवशी ते कोर्टकचेरीत वापरतात तो जाड लेजर कागद आणि शाईचं पॅड घेऊन आले. पंच म्हणून मी आणि शेजारचे फरसाणवाले मनुभाई. मनुभाई बिचारे हात पुसत आले. "चुरीभाय, मने क्रिकेट मा कंई समजण नथी पडती," ते म्हणत होते. काका म्हणाले, "पंचाला समजायची गरज नसते. डोळे उघडे पाहिजेत."

तो पंचनामा माझ्याकडे अजून आहे. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच, आज रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर लॅपटॉप चालू स्थितीत होता. त्याची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस झेरॉक्सचे यंत्र, पश्चिमेस भिंत, उत्तरेस कॅलेंडर, दक्षिणेस पंच क्रमांक दोन यांनी आणलेली पापडीची पुडी. बटणाचा रंग राखाडी होता. ते आमच्यादेखत तीन वेळा दाबले असता कोणताही बदल घडून आला नाही. पंचनामा आम्हांस वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' मनुभाईंनी गुजरातीत सही केली आणि काकांनी त्यांच्याकडून कागदावर तेलाचा डाग पडल्याचीही नोंद करून घेतली.

मी स्कॅन केला, इंग्रजी जोडलं, मूळ गेमची फाईल जोडली आणि टाकला. दोन दिवसांत फोरमवर हाहाकार! लोकांना तो पंचनामा इतका आवडला की पोलंडातल्या कोणीतरी आपल्या बगाबरोबर स्वतःच्या टेबलाची चतुःसीमा लिहून पाठवली. त्याच्या उत्तरेला मांजर होतं. तक्रार कशी करावी याचा नमुना म्हणून कंपनीने आमचा कागद सगळ्यांत वर डकवून ठेवला. काका आठवडाभर स्टेशन रोडवरून छाती काढून चालत होते.

आणि मग ऑलीचं उत्तर आलं. या वेळी आभारबिभार नव्हते. त्याने खरंच फाईल उघडून पाहिली होती. मी ते मोठ्याने वाचून मराठीत सांगत गेले. तुमच्या आठ संघांतले सगळे खेळाडू तुम्ही कायमच्या करारावर भरलेत, त्याने लिहिलं होतं. फक्त हा एकच खेळाडू तयार करताना तुम्ही त्याच्यापुढे 'रोजच्या बोलीवर' असं निवडलं आहे. अशा खेळाडूला नंतर कायम करता येत नाही, ही आमची चूक, ती आम्ही कधीतरी सुधारू. तोवर सोपा उपाय असा, की त्याला पुसून टाका आणि नव्याने कायम म्हणून भरा. एका मिनिटाचं काम आहे.

मी खूश झाले. "झालं की काका! पुसा आणि भरा."

काका त्या ओळीकडे बघत होते. मग म्हणाले, "मीच भरलं?"

"तुम्हीच. दुसरं कोण भरणार?"

"हाताने भरलं गं," ते म्हणाले. "नाव लिहिलं आणि हात आपोआप तिकडे गेला."

पुसून टाकायला मात्र ते तयार होईनात. पुसलं तर त्याच्या मागच्या सगळ्या हंगामांची नोंद जाते. विकेट जातात, सामने जातात, सगळं पहिल्यापासून. "सेवेत खंड पडतो," ते म्हणाले. मी वैतागले. म्हटलं, काका, हा गेम आहे, सेवा कसली आणि खंड कसला? तेव्हा त्यांनी मला सांगितलं. स्टुलावर बसून, लॅपटॉपकडे बघत, माझ्याकडे न बघता.

देवजी वरठा हा खरा माणूस. सायवनचा. यांच्या कचेरीत शिपाई होता, रोजंदारीवर. एक दोन नाही, एकोणीस वर्षं. रविवारी खात्याच्या मॅचेसमध्ये बॉलिंग टाकायचा, पण कागदावर कर्मचारी नव्हता, म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर खेळायचा. रोजंदारीचा माणूस सलग कामावर राहिला तर कायम करा म्हणायचा हक्क सांगू शकतो. तो सांगता येऊ नये म्हणून मधूनमधून एक दिवस त्याला कागदावर कमी केल्याचं दाखवायचं आणि दुसऱ्या दिवसापासून नव्याने घ्यायचं. माणूस त्या दिवशीही येऊन चहा आणायचाच. ती टिपणी साहेब सांगायचे आणि लिहायचे चुरीकाका. एकोणीस वर्षं, वळणदार अक्षरात, डावीकडे समास सोडून.

"रोज संध्याकाळी टेबलाजवळ येऊन उभा राहायचा," काका म्हणाले. "विचारायचा, साहेब, उद्या येऊ? एकोणीस वर्षं रोज. मी मान वर न करता हो म्हणायचो. एक दिवस नवीन साहेब आले, म्हणाले माणसं जास्त आहेत. त्या संध्याकाळी मी नाही म्हटलं. तेव्हाही मान वर केली नाही."

मला राग आला. खूप आला. माझे अकरा हेलपाटे मी विसरले नव्हते, पण ते काहीच नव्हते. वाटलं, लॅपटॉप बंद करावा आणि सांगावं, उठा काका, उद्यापासून येऊ नका. मी काही बोलले नाही, कारण दारात दोन बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभ्या होत्या आणि काका डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी ते अकराला आले. ऑलीला पाठवायला एक कागद आणला होता. विषय नाही, संदर्भ नाही, समास नाही. वहीचं फाडलेलं पान. 'चूक माझी आहे. मी त्याला रोजंदारीवर भरलं. शिक्षा म्हणून मला काय करायचं ते करा, पण त्याची मागची नोंद पुसायला सांगू नका. त्याने काम केलेलं आहे.' मी हे जसंच्या तसं इंग्रजीत केलं. एरवी मी काकांच्या इंग्रजीत थोडी साखर घालते, या वेळी नाही घातली.

ऑलीने तीनच शब्द लिहिले, 'मी प्रयत्न करतो.' काकांनी त्याचा अर्थ सांगितला नाही. बहुतेक त्यांच्या कचेरीत असं उत्तर कोणी देत नसावं.

पुढचे अडीच महिने ते रोज येऊन फक्त एवढंच विचारायचे, "आलं?" आणि मी म्हणायचे, "नाही." मग एका सकाळी गेम आपोआप नवा झाला. बरोबर काय काय दुरुस्त केलं त्याची यादी होती. पावसाचे नियम, पंचांच्या टोप्यांचा रंग, असलं काहीबाही, आणि मध्येच एक ओळ, की रोजच्या बोलीवरच्या खेळाडूंना आता कायम करता येईल, मागची सर्व नोंद अबाधित राहील.

मी बटण दाबायला गेले. काकांनी माझा हात धरला. "इथे नको. त्याच्यासमोर."

दुकान मनुभाईंवर सोपवून मी स्कूटी काढली. हायवे ओलांडून आत सायवनपर्यंत तास लागला. काका मागे लॅपटॉप पोटाशी धरून बसले होते. देवजीचं घर एका पाड्यावर, रस्त्यापासून आत. म्हातारा अंगणात वाल सोलत बसला होता. काकांना पाहिलं आणि सोलणं टाकून उभा राहिला, हात पुढे बांधून. काका म्हणाले, "अरे बस, बस." देवजी बसेना. मग काकाच खाली जमिनीवर बसले, तेव्हा तो बसला.

काकांनी लॅपटॉप उघडला आणि त्याला सगळं सांगायला लागले. एडिटर, करार, ऑली, बग. देवजी मान हलवत होता. त्याला किती कळलं कोण जाणे. शेवटी त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"हा मी?"

"तू."

"डाव्या हाताने टाकतो?"

"डाव्याच."

"बरं टाकतो का?"

"तालुक्यात तुझ्यासारखा नाही," काका म्हणाले. त्यांनी बटण दाबलं. नावापुढे 'कायम' असं आलं. देवजी हसला, दात फारसे उरले नव्हते. "लवकर झालं," तो म्हणाला. मला वाटलं टोमणा मारला, पण तोंडावरून काही कळेना.

काकांना मग राहवलं नाही. "देवजी, तुझ्या खंडाच्या त्या टिपण्या मी लिहायचो."

देवजीने वालाची शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "मना ठावं आहे. मना वाचता येत नाय, पण तुमचं अक्षर ओळखायचो. चांगलं अक्षर." आणखी एक शेंग सोलली. "फाईल साहेबांच्या टेबलावर मीच नेयाचो ना."

काकांचा चेहरा मला बघवेना. मी उठून उगाच स्कूटी तपासायला गेले. परत आले तेव्हा काकाही वाल सोलत होते, अगदी वाईट, दाणे फोडत होते, आणि देवजी त्यांना शेंग कुठून धरायची ते दाखवत होता.

ऊन उतरायला लागलं. मी म्हटलं, काका, निघू या, दुकान उघडं आहे. ते उठले, गुडघे झटकले. लॅपटॉप घेतला. चार पावलं चालले आणि थांबले. देवजी खाली बसलेला, हे उभे, हात पुढे बांधून.

"देवजी," ते म्हणाले, "उद्या येऊ?"

देवजीने सूप हलवलं, फोलपटं बाजूला केली. मग मान वर करून काकांकडे नीट पाहिलं.

"या," तो म्हणाला. "आन रोज रोज विचारू नका."